बाळंतिणीचा मासा

मोरी हा मासा आहे, हे दिल्लीत आल्यापासून मला लोकांना समजावून सांगावं लागतं. आमच्या सिंधुदुर्गात मोरी म्हटलं की पाटावर बसलेला माणूस आणखी भात मागून घेतो. यांच्या साताऱ्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासूबाईंना म्हटलं, की आमच्याकडे पाहुणे आले की मोरीचं मटण करतात, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला तो हात धुवायला उठेपर्यंत काढला नाही. मुंबईकडे याच माशाला मुशी म्हणतात. दिल्लीवाले काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांनी तो पाहिलेलाच नसतो. सोपं करून सांगायचं तर छोटा शार्क. हातभर लांब, पाठीला राखाडी, पोटाला पांढरा, आणि नाक फावड्यासारखं चपटं.

या माशापायी मी एकदा अख्खी दिल्ली पालथी घातली होती. लेक बाळंत झाली होती तेव्हाची गोष्ट.

बाळंतपण आमच्याच घरी, मयूर विहारच्या फ्लॅटवर करायचं ठरलं होतं. सिझेरियन झालं, मुलगी झाली, डोक्यावर हे एवढं जावळ. सगळं बिल्कुल ठीक होतं, एक गोष्ट सोडून. लेकीला दूध येत नव्हतं. बाळ छातीशी धडपडायचं, चार थेंब मिळायचे, मग चिडून असं रडायचं की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारून जायचे. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि म्हणाल्या, वजन उतरलंय, सोमवारी परत आणा, नाही वाढलं तर डब्याचं दूध चालू करू. सुटे पैसे आहेत का विचारावं, इतक्या सहज म्हणाल्या. माझ्या लेकीचा चेहरा मात्र पडला तो पडलाच.

माझी लेक तशी रडणारी नाही. दिल्लीत वाढलेली, बसमध्ये धक्का मारणाऱ्याला दोन ठेवून देणारी. पण तिनं मनाशी ठरवलं होतं, की बाळाला अंगावरच पाजायचं. महिनोन् महिने त्यावर वाचत होती. आणि आता घरी आल्यावर पलंगावर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मला एवढं पण जमत नाही यार." मी म्हटलं, पान्हा फुटायला वेळ लागतो. तिला पान्हा हा शब्दच ठाऊक नव्हता. तो मी समजावून सांगितला. मग मला राग आला, कुणाचा ते कळेना.

त्यात लोक काय मदत करतात म्हणता. जावई दिल्लीचाच, फरीदाबादच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलगा चांगला आहे, पण दुपारी फोन करून विचारायचा, "आया क्या?" दूध म्हणजे काय मेट्रो आहे, आया क्या म्हणून विचारायला? विहीणबाईंनी गोंदाचे लाडू पाठवले, पंजिरी पाठवली, वर जिऱ्याच्या पाण्याची कृती पाठवली. लेकीनं सगळं निमूट खाल्लं. फरक शून्य. आमचे हे वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत बसायचे. बाळ रडलं की पान उलटायचे, थांबलं की परत मागचं पान काढायचे.

आणि मी? मला बसवतच नव्हतं. स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून बाल्कनीत, बाल्कनीतून परत. गॅसवर पाणी ठेवलं की ते कशासाठी ठेवलं ते आठवायचं नाही. दुपट्यांच्या घड्या मोडून परत घालायचे. हे म्हणाले, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय." मी म्हटलं, "तुमच्या पायाला तरी काय लागलंय ते बघा, सकाळपासून हललेले नाहीत."

अशाच एका येरझारीत मला मोरी आठवली. आणि एकदा आठवल्यावर डोक्यातून जाईना.

माझं स्वतःचं बाळंतपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झालं होतं. हे तेव्हा एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून होते, मी पण एका मंत्रालयात टायपिस्ट. आई कोकणातून आली होती, आयुष्यात पहिल्यांदा कणकवलीच्या पलीकडे. ट्रंकेत बाळंतविडा, डिंक, आळीव, आणि सगळ्यात खाली, जुन्या लुगड्यात बांधलेली खारवलेली सुकी मोरी. स्टेशनवर यांनी ट्रंक उचलली आणि आधी कुलीकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं, की हा वास येतोय कुठून. आईनं ती मोरी भिजत घातली त्या दिवशी जिन्यातल्या प्रत्येक दारातून एकेक डोकं बाहेर आलं. समोरच्या पंजाबी आंटी तर नाक धरून विचारायला आल्या, की सब ठीक है ना, बेटा.

मलाही तेव्हा असाच उशीर झाला होता. मीही अशीच रडत होते. आणि मग मोरीचा तो रस्सा, आमसुलं घातलेला, पिवळ्या तामचिनीच्या वाडग्यातून वाफाळता. मी तो वाट्या वाट्या प्यायले आणि मला दूध आलं. इतकं आलं की लेकीला ठसका लागायचा. ही गोष्ट मी पुढं आयुष्यभर सांगत आले. ऑफिसात कुणी बाळंतिणीचा विषय काढला की मी मोरी काढायची. सेक्शनमधल्या तमिळ बाईंनी पाठिंबा दिला होता, आमच्याकडेही हेच देतात म्हणून. त्या दिवशी मी सगळ्या सेक्शनला चहा पाजला होता.

आमच्याकडे यामागचा विचार साधा आहे. बाकी मासे अंडी घालून मोकळे होतात. मोरी तसं करत नाही. ती पिल्लं पोटात वाढवते, नाळेवर, बाईसारखी. लहानपणी किनाऱ्यावर मी ते डोळ्यांनी पाहिलंय. आई सुरीनं मोरीचं पोट चिरत होती आणि आतून बोटभर पिल्लं निघाली, प्रत्येकाला दोऱ्यासारखी नाळ. मी ओरडून मागं सरले होते. आई म्हणाली होती, जी पिल्लाला पोटातून भरवते तीच बाळंतिणीच्या कामाची. आमच्या घरात मग ती पिल्लं खायची नाहीत असा दंडक होता, ती आई परत पाण्यात सोडायची. मेलेली पिल्लं सोडून काय उपयोग, हे विचारायची आमची छाती नव्हती.

आणखीही सांगण्यासारखं खूप आहे तिच्यात. हाडाचा काटा नाही. आत सगळी लवचिक, कुरकुरीत कूर्चा, म्हणून दात नसलेल्या म्हाताऱ्यालाही देता येते. कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवा, मऊ लागेल. उलटा फिरवा, पॉलिश पेपर. शेजारचे होडीवाले काका वल्ह्याची मूठ तिच्या वाळवलेल्या कातडीनं घासायचे. खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यालगत, गढूळ पाण्यात फिरते. फिरते म्हणजे फिरतच राहते. इतर माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, ते पाण्यात जागच्या जागी तरंगू शकतात. हिला ती नाही. पोहायची थांबली की खाली जाते. हे मला काकांनी सांगितलं होतं आणि त्या रात्री मला झोप आली नव्हती. एवढ्याशा जिवाला बसायची सोय नाही, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

तर मी मोरी आणायला निघाले.

पहिल्यांदा आयएनए मार्केट. मेट्रो बदलून, पिशवी काखेत मारून. सगळी दुकानं पालथी घातली. सुरमई आहे, पापलेट आहे, कोळंबी हवी तेवढी. मोरीचं नाव काढलं की लोक माझ्याकडं बघायचे. शेवटी एकाला म्हटलं, भैया, छोटी शार्क. तो म्हणाला, "मैडम, शार्क तो आदमी को खाती है." मी म्हटलं, "हमारे यहाँ आदमी उसे खाते हैं." तो हसला आणि मला बासा दाखवायला लागला, बिना काँटे का है, बीमार आदमी के लिए बढ़िया. माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, हा मासा नाही, हा ओला कापूस आहे. तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, कुठे आहेस? बाळ रडतंय, बाबांना डायपर लावता येत नाही." मी म्हटलं, आलेच. आलेच म्हणाले आणि आणखी दोन दुकानं बघितली.

दुसऱ्या दिवशी गाझीपूर. आमच्या घरापासून ते जवळ आहे, पण तिथं कुणी हौसेनं जात नाही. पलीकडे दिल्लीच्या कचऱ्याचा डोंगर, त्यावर घारी, आणि अलीकडे मासळीचा घाऊक बाजार. पायाखाली बर्फाचं काळं पाणी. रोहू, कतला, सिंघाडा, नदीचे मासे ढिगांनी. समुद्राचे क्रेट मागच्या बाजूला. तिथं एका व्यापाऱ्याला मी इतकं समजावलं, मोबाइलवर चित्र काढून दाखवलं, हातानं नाकाचा चपटेपणा करून दाखवला, की तो म्हणाला, "आंटी, समझ गया. गुजरात की गाड़ी में कभी-कभी आ जाता है. नंबर दे जाओ." मी नंबर दिला. मग घरी येऊन तासातासाला मीच त्याला फोन करायला लागले. मध्ये लेक हाक मारायची. मी एक मिनिट म्हणायची. तिच्या ताटात मेथीची भाजी आणि भाकरी वाढून ठेवायची आणि परत फोन. ती म्हणाली, "आई, जरा बस ना इथे." मी म्हटलं, बसून कसं चालेल, सोमवार जवळ आला.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. मी चहाचा कप तसाच टाकून ऑटो पकडली. दोन मोऱ्या होत्या, बर्फात, माझ्याकडं बघत. गावाकडची माणसं भेटल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. फक्त एक अडचण होती. मासा ताजा आहे का ते आम्ही कल्ला उचलून बघतो, आत लाल असला की घ्यायचा. मोरीला कल्ल्यावर झाकणच नसतं. मानेला नुसत्या पाच चिरा. मोरी पारखायची ती नाकानं. शिळी झाली की तिला अमोनियाचा वास मारतो, डोळ्यांत पाणी येईल असा. मी क्रेटवर वाकून वास घेतला. आणि गाझीपूरला, त्या कचऱ्याच्या डोंगराखाली, माणसाच्या नाकाला काय कळणार? सगळाच वास. मी म्हटलं, चालेल, दे दो.

घरी आले. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, सुरी चालवली, आणि वास असा उठला की माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फिनाइलनं घासलेल्या स्टेशनच्या बाथरूममध्ये उभं राहिल्यासारखं. खिडकी उघडली, एग्झॉस्ट लावला. तेवढ्यात लेक पोटावरचे टाके धरून दारात आली, म्हणाली, "आई, गॅस लीक होतोय का?" आणि पुढचं वाक्य व्हायच्या आत बेसिनकडे धावली. मी तिची पाठ चोळत राहिले. माझ्या हाताला मोरीचाच वास, त्यामुळं तिला आणखी उमासे.

तोंड धुऊन ती म्हणाली, "हे मला खायचं नाहीये. शार्कमध्ये पारा असतो, मी वाचलंय."

"मी खाल्लं होतं ना? तू त्याच दुधावर वाढलीस."

"आई, मला शार्क नकोय." ती भिंतीला टेकली. आवाज चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं. "चार दिवस तू बाजारात आहेस. घरात असतेस तेव्हा फोनवर असतेस. मी बाळाला घेते, मला भीती वाटते, टाके ओढतात, ती रडते, मी रडते, आणि तू नसतेस."

ती खोलीत गेली. मी ओट्यापाशी उभी. चिरलेल्या मोरीच्या पोटात पिल्लं नव्हती, त्याचं मला हायसं वाटलं, आणि मग आपण हायसं वाटून घेतोय याचाही राग आला. कुणासाठी चाललीय ही धावपळ? पोरीच्याच साठी ना? मग तिला एवढं कळू नये? असं मनात चरफडत मी हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन आईला फोन लावला.

आई तेव्हा गावी भावाकडे असायची. वय झालेलं, पण कान तिखट आणि जीभ त्याहून. बाल्कनीत हे होतेच, वर्तमानपत्रामागं. मी म्हटलं, "आई, मोरी आणलीय, पण वास मारतोय. तू तेव्हा काय केलं होतंस?"

"तेव्हा म्हणजे कधी?"

"माझ्या बाळंतपणात. सरोजिनी नगरला. तू सुकी मोरी आणली होतीस, मी वाट्या वाट्या प्यायले होते."

"तू?" आई म्हणाली. मग हसायला लागली, खोकला येईपर्यंत. "तू खंय खाल्लंस गो? तुका वासानच ओकारी येय होती. एक घास नाय घेतलंस. ती मोरी मियां नि जावयांनी खाल्ली."

समोर हे पान उलटायचे थांबले होते.

"मग दूध कसं आलं मला?"

"कसा म्हणजे? येवचा होता, इला."

"मग मला मोरीनं आलं म्हणून का सांगितलंस?"

"मियां खंय सांगलंय? तूच सगळ्यांका सांगत सुटलंस. मियां फक्त नाय म्हणाक नाय."

इतकी वर्षं मी ती चव सांगत होते लोकांना. आमसुलाचा आंबटपणा, मसाला, तामचिनीचं वाडगं. वाडगं खरं होतं, ते आजही माझ्या माळ्यावर आहे. त्यातून मी काय प्यायले होते मग? मी म्हटलं, "मग तू नक्की काय केलंस तेव्हा?"

आईला हा प्रश्नच कळला नाही बहुतेक. म्हणाली, "काय करतलंय? बसलंय. तुझ्या पाठीक पाठ लावन बसलंय, चेडवाक तुझ्या छातीक लावलंय, नि बसलंय. माका हिंदी येय नाय, रस्ते म्हायत नाय. परक्या गावात खंय जातलंय? म्हणान बसलंय." थोडं थांबून म्हणाली, "मोरीक चिंचेच्या पाण्यात घालून ठेव, वास जातलो. नि फोन ठेव, पोरगी रडता थंय."

खरंच आतून बाळाचा आवाज येत होता. मी फोन ठेवला आणि यांच्याकडं बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो," हे म्हणाले. "चांगली झाली होती. मी दोनदा घेतली होती."

"मग मी जगभर सांगत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू इतकं छान सांगायचीस," हे म्हणाले आणि परत पेपर वर केला. यावर माणसानं काय करावं, मला कुणी सांगावं.

मी मोरी चिंचेच्या पाण्यात घातली, डबा फ्रिजमध्ये ढकलला, साबण लावून लावून हात धुतले आणि खोलीत गेले. लेक पलंगावर वाकून बसली होती, बाळ हातात, दोघीही रडत. तिच्या मागं चढून बसले, पाय पसरले, तिला माझ्या अंगावर रेलून घेतलं. बाळ तिच्या छातीशी आडवं धरलं, खालून माझा हात. ती पहिल्यांदा ताठ राहिली. मग हळूहळू तिचं ओझं माझ्यावर आलं.

आता बसणं सोपं असतं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं माझ्यासारखं होऊन बसून बघावं. माझ्या पायांत मुंग्या. गॅसवर कुकर लावायचा होता. फोन बाहेर वाजत होता, गाझीपूरवाला असणार, पसंत आया क्या विचारायला. बाळ सोडून द्यायचं, परत धरायचं, परत सोडायचं. दर वेळी माझ्या तोंडाशी यायचं, की थांब, मी अमुक करून बघते. मी दात आवळून बसून राहिले. मला आईची भीती वाटली असावी, एवढ्या लांबून.

लेक डोळे मिटून म्हणाली, "आई, येईल का गं?"

"येईल," मी म्हटलं. "मला नव्हतं का आलं." मोरीचा विषय मी काढला नाही.

ती दुपार तशीच गेली, आणि रविवारही. मी उठायची ती फक्त स्वयंपाकापुरती. बाकी वेळ तिची पाठ आणि माझी छाती. हे दारात येऊन बघून जायचे, एकदा तर न सांगता चहा करून आणला. साखर विसरले होते. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला. लेक माझ्या अंगावरच झोपायची, तोंड उघडं टाकून, लहानपणी बसमध्ये झोपायची तशी. बाळही तिच्यावर झोपायचं. मग मीही केव्हातरी डोळा लावला असणार, कारण जाग आली ती लेकीच्या हाकेनं. तिचा कुर्ता पुढून ओला झाला होता, दोन्हीकडून. ती त्याच्याकडं बघत होती, हात लावत नव्हती.

"आई, हे काय झालं?"

"हाच तो पान्हा," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना. बाळ घटाघटा पीत होतं, मध्येच ठसका लागून थांबत होतं. लेक रडत हसत होती. मोरी अजून फ्रिजमध्येच होती.

त्याच संध्याकाळी मी ती शिजवली. वास गेला होता. खोबरं, धणे, मिरच्या भाजून वाटल्या, वर आमसुलं. लेकीनं स्वयंपाकघरात येऊन रश्शात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड फिरवलं. तिच्यासाठी मी मऊ भात आणि तूप-मेथ्या वाढल्या. मोरी आम्ही दोघं नवराबायको जेवलो. यांनी दोनदा घेतली. मला चव अगदी ओळखीची लागली आणि मी मनात म्हटलं, ही चव माझी नाहीच, मी तर आज पहिल्यांदा खातेय दिल्लीत.

सोमवारी वजन वाढलं होतं. फार नाही, पण काटा उजवीकडं सरकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक है, चलने दो. पुढं संध्याकाळी एक वेळ डब्याचं दूध लागलंच, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. नात आता शाळेत जाते आणि मला मराठीत उत्तर देत नाही. आई जाऊनही बराच काळ लोटला. अजून काही अडलं की माझा हात फोनकडं जातो, आणि मग मी तो उगाच पुसून परत ठेवते. तिची फार आठवण येते. ती फोन मध्येच ठेवून द्यायची, तेही आठवतं.

परवा लेक आमच्याकडे आली होती. तिची ऑफिसातली मैत्रीण नुकतीच बाळंत झालीय, गुडगावला, आणि तिचीही तीच तऱ्हा. लेक फोनवर तिला सांगत होती, आमच्याच सोफ्यावर पाय वर घेऊन. "तू टेन्शन मत ले यार. मुझे भी नहीं हो रहा था. मेरी मम्मी ने पूरी दिल्ली छान मारी, पता नहीं कहाँ से शार्क लाई. सच में, शार्क. मैंने कटोरी भर-भर के खाई. खट्टी-सी थी, इतनी अच्छी. उसी से हुआ."

मी भाजी निवडत होते. हात थांबले. यांनी पेपर खाली करून चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, की गप्प बसा.

लेकीनं फोनवर हात ठेवून मला विचारलं, "आई, ती मोरी तू कुठून आणली होतीस? तिला हवीय. तिची मम्मी कोलकात्याला आहे, येऊ शकत नाहीये."

"मिळेल म्हणावं," मी म्हटलं. "मीच घेऊन येते उद्या. आणि तिला सांग, मी दोन-चार दिवस राहीन तिथं, चालेल का विचार."

लेक परत फोनवर बोलायला लागली. मी उठून डायरीत गाझीपूरवाल्याचा नंबर शोधायला घेतला. हे पेपरमागूनच म्हणाले, "जरा जास्तच आणायला सांग."